तळहातावरचे पाणी

क्रेनचा खांब वाकलेला दिसला तेव्हा आबाजींना प्रथम काळजी वाटली ती क्रेनची. चिखलीतल्या त्यांच्या सज्ज्यासमोर एक नवी इमारत उभी राहत होती. रोज सकाळी ते अर्घ्य द्यायला उभे राहत तेव्हा सूर्य त्या पिवळ्या खांबाच्या बाजूनेच वर येई. खांबाची त्यांना इतकी सवय झाली होती की तो नसता तर पूर्व दिशा क्षणभर शोधावी लागली असती. त्या दिवशी तो मध्यावर लवला होता, पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा. खाली माणसे काम करत आहेत, त्यांना हाक मारून सावध करावे म्हणून ते पुढे झाले, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आले की सज्ज्याचा गजही वाकला आहे, समोरच्या खिडकीची चौकटही वाकली आहे, आणि जिकडे दृष्टी न्यावी तिकडे तो बाक आपल्या आधीच जाऊन उभा राहतो आहे. त्यांनी तांब्या खाली ठेवला. जगात काहीही मोडले नव्हते. खालून सिमेंट कालवण्याचा घरघराट पूर्ववत येत होता, कोणीतरी कोणाला तरी हिंदीत हसून शिवी देत होते, आणि सूर्य, ज्याला सरळ कड नसतेच, तेवढा एकटा निर्दोष दिसत होता.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, आणि वाईट बातमी सांगताना आवाज मऊ करण्याची युक्ती अजून त्यांना साधली नव्हती, हे आबाजींना बरेच वाटले. "आजोबा, पडद्याचा मधला भाग झिजतोय," त्या म्हणाल्या. "वेग कमी करता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. हळूहळू वाचणं जाईल, चेहरे ओळखणं जाईल. पूर्ण अंधार मात्र होणार नाही. मधलं जातं, कडेचं राहतं." मधले जाते, कडेचे राहते. घरी परतताना रिक्षात ते हे वाक्य मनात फिरवत राहिले. दुःखाच्या आधी त्यांना त्या वाक्याच्या घडणीचे आश्चर्य वाटत होते. त्यांनी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवले होते, आणि ते शिकवताना सतत मध्याकडेच बोट दाखवले होते: वाक्यात क्रिया कोठे आहे ते आधी पाहा, देवळात गर्भगृह पाहा, नगरीत राजमार्ग पाहा, उरलेले आपोआप दिसेल. आता देहानेच त्यांना उलट क्रम घालून दिला होता.

नात मैत्री हिच्यापासून हे लपवून चालण्यासारखे नव्हते. चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांचे दांडे सरळ आहेत की नाहीत हे तपासणे हाच तिचा व्यवसाय होता. केसाएवढा बाकही तिला चालत नसे. मुलगा गणराज आणि सूनबाई नोकरीसाठी होसूरला गेल्यापासून घरात आजोबा आणि नात अशी दोघेच राहत. तिने सगळे ऐकून घेतले, चहा ठेवला, आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "आजोबा, रडायचं असेल तर नंतर रडू. आधी सांगा, बघायचं काय राहिलंय?"

"सगळंच," आबाजी हसून म्हणाले.

"सगळं नको. मला एकदाच मोठी सुट्टी मिळेल. एक शहर सांगा. काशी म्हणा, उज्जैन म्हणा, कांची म्हणा. तुम्ही म्हणाल तिथं जाऊ. पण लवकर सांगा हं, नाहीतर आमचे साहेब सगळ्यांच्या रजा वाटून मोकळे होतील."

एक शहर. या शब्दांनी त्यांच्या आत कितीतरी दारे एकाच वेळी वाजली. काशीचे घाट त्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे, दोन्ही क्रमांनी पाठ होते. उज्जयिनीत क्षिप्रेवरून पहाटे येणारा वारा कोणकोणत्या फुलांवरून येतो हे ते वर्गात सांगत, तेव्हा चिंचवडच्या त्या शाळेच्या खिडकीबाहेर शिफ्टचा भोंगा होई आणि भोंगा संपेपर्यंत सारा वर्ग डोळे मिटून त्या वाऱ्याची वाट पाहत असे. कांचीची गोपुरे, मथुरेचे विश्रामस्थान, विजयनगराचे शिळांचे डोंगर, सारे त्यांनी शब्दांनी उभे केले होते आणि शब्दांनीच प्रदक्षिणा घातली होती. प्रत्यक्ष मात्र कोठेही जाणे झाले नव्हते. आधी नवी नोकरी, मग पत्नी यशोदाबाईंचा दमा, मग गणराजचे शिक्षण. कारणे खरी होती, तरी त्यांना ठाऊक होते की ती नसती तर त्यांनी दुसरी शोधली असती. यशोदाबाई तेवढ्या स्पष्ट बोलत. धाप लागून उशाला टेकल्या असताना त्या म्हणत, "आज मला त्या मणिकर्णिकेपाशी न्या बघू," आणि ते बसल्या जागी त्यांना पायऱ्या उतरवून नेत, शेवाळलेल्या पायरीवर सावकाश म्हणून सांगत, आणि त्या खरोखरच पाय आखडून घेत. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही जाऊ नका हो काशीला. गेलात तर मला दिसते ती कुठं जाईल?"

भय होते ते हेच. ते मैत्रीला सांगता येण्यासारखे नव्हते. वाकलेल्या डोळ्यांनी जर काशी पाहिली, घाट लवलेले दिसले, शिखरांच्या मध्यभागी धूसर डाग पडला, तर पुढच्या अंधुक वर्षांत आत कोणती काशी उरेल? आजवर जपलेली ती निष्कलंक नगरी, जिच्यात यशोदाबाई अजून पाय आखडून उभ्या होत्या, की ही डागाळलेली? डोळ्यांसाठी जावे तर मनातली जाईल, मनासाठी राहावे तर डोळे पाहिल्यावाचून मिटतील. या दोहोंमध्ये ते कित्येक दिवस उभे राहिले. सकाळी कांची म्हणत, दुपारी उज्जयिनी. मैत्री रोज कामावर निघताना दारातून विचारी, "ठरलं?" आणि ते म्हणत, "ठरतंय." शेवटी एके दिवशी तिने आपल्या मनाने उत्तर देऊन टाकले, "काशी. तुम्ही झोपेत घाट मोजता, आजोबा. माझा पुरावा पक्का आहे." त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटले याचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी ते इमारतीखालच्या कादरच्या गॅरेजपाशी बसले होते. कादर पैठणचा. हे कळले त्या दिवसापासून आबाजींना तो नात्यातला वाटे, कारण त्यांच्या वडिलांचे गावही गोदेच्या त्याच काठावर, पैठणच्या जरा वर होते. कादर एका रिक्षाच्या पोटाखाली आडवा पडून बोलत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता.

"काशीला चाललात म्हणे, गुरुजी. बायको सांगत होती, ताजुन्निसा. गंगेला आमचा पण सलाम सांगा."

"सांगतो. तुझ्या गोदेला काय सांगू?"

"आता कुठली गोदावरी, गुरुजी!" पाय हसले. "अम्मी होती तोवर जाणं होतं. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, गाव कोणतं? तर तोंडातून निघालं, चिखली. मीच चमकलो ना. पैठण म्हणायचं होतं. पण पोरगी जिकरा इथंच जन्मली, अम्मीला इथंच माती दिली. आता माणसानं आणखी कुठलं गाव सांगायचं?" मग पाना आपटल्याचा आवाज आला. "चाकणला उद्या ही रिक्षा पोचवायची आहे. येता का फिरायला? काशीच्या आधी प्रॅक्टिस!"

आबाजी हसले, आणि नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यात्रेच्या संकल्पाला बसले. मुहूर्त पाहून आधीच संकल्प करावा, मग तिकिटे काढावीत, असे त्यांच्या घराण्यात होते. पाट, पंचपात्र, पळी. उजव्या तळहातावर पाणी घेतले, अक्षता ठेवल्या, आणि मुखातून ते शब्द वाहू लागले, जे वडिलांनी मुंजीच्या वेळी हात धरून शिकवले होते. आपण कोण, हे सांगण्याआधी आपण कोठे आहोत हे सांगणारे शब्द. आधी काळ, युगांपासून आजच्या तिथीपर्यंत उतरत आलेला. मग देश, द्वीपापासून नदीच्या काठापर्यंत उतरत आलेला. विराट आकाशातून खाली येत येत एखादा पक्षी नेमक्या एका फांदीवर बसावा तसा हा उच्चार माणसाला त्याच्या जागेवर आणून बसवतो, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. गोदावर्याः उत्तरे तीरे, मुखाने म्हटले. आणि आबाजी थांबले.

उत्तरे तीरे. वाडवडिलांचा काठ. तेथे घाटावर बसून वडील हे म्हणत तेव्हा हात लांबवला असता तर गोदेला लागला असता. पण तो काठ सोडून आबाजी तरुणपणीच इकडे आले होते, गोदेच्या दक्षिणेला, इंद्रायणीच्या बाजूला. येथेच नोकरी, येथेच विवाह, येथेच यशोदाबाईंची राख पाण्यात मिसळली. आणि या साऱ्या काळात प्रत्येक पूजेला, प्रत्येक श्राद्धाला, गणराजच्या बारशाला, यशोदाबाईंच्या दहाव्यालासुद्धा, त्यांनी तळहातावर पाणी घेऊन, देवाला साक्षी ठेवून सांगितले होते की मी गोदेच्या उत्तर तीरावर बसलो आहे. अर्थ ज्यांना कळतो त्यांच्याकडूनच घडावी अशी ही चूक होती. कारण अर्थ कळू लागण्याच्या आधीच ते शब्द जिभेवर येऊन बसले होते, आणि पुढे अर्थाला तिथवर कधी बोलावणेच गेले नाही. पक्षी प्रत्येक वेळी आकाशातून उतरला होता आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच झाडावर बसला होता. ते येथे कधी आलेच नव्हते.

अपराधाहून वेगळे, त्याहून मोठे काहीतरी त्यांना वाटले. डोके आपोआप लवावे असे. काशीला जायचे म्हणून निघालो, पण निघणार कोठून? जो कोठे उभा नाही तो प्रस्थान कसे ठेवील? बोटांच्या फटीतून पाणी झिरपू लागले होते.

"आजोबा, सोडा ना ते पाणी," मैत्री दारात उभी होती, केसांना टॉवेल गुंडाळून. "सगळं गळून चाललंय."

त्यांनी तळहातावरचे पाणी खाली सोडले नाही. अलगद पुन्हा पंचपात्रात घेतले. असे करू नये, हे त्यांना माहीत होते. "मैत्री," ते म्हणाले, "तुझी शिफ्ट दुपारची आहे ना? बघ, कादर निघाला की आहे अजून. मला चाकण बघायचं आहे."

"चाकण?" ती हसायला लागली, मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "आजोबा, मी रोज जाते हो तिथं. बघण्यासारखं काय आहे? ट्रक आहेत."

"तेच तर. तू रोज जातेस आणि मी एकदाही पाहिलं नाही."

रिक्षा मोशीच्या पुलावर आली तेव्हा कादरने मागे न पाहताच आवाज दिला, "गुरुजी, इंद्रायणी!" आबाजींनी हात जोडले. जलपर्णीने पात्र हिरवेगार झाकले होते. ते सरळ पाहत तेव्हा मध्ये धूसर ठिपका येई, आणि दृष्टी जरा कडेला नेली की हिरव्यातून एक काळी पाण्याची रेघ चमकून जाई. ही ती नदी, जिच्या काठी आळंदीला माउली बसले. आणि आपण तिच्या दक्षिण काठावर इतकी वर्षे तिचे नाव न घेता राहिलो. कुरुळी आली. कंपन्यांच्या लांब भिंती, फाटकांपाशी गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले, वडापावच्या गाडीवर लातूरकडचे हेल, केरळी खानावळीतून खोबरेलाचा वास. वाहने ठप्प झाली. शेजारी एक प्रचंड वाहन येऊन थांबले. त्यावर नव्या कोऱ्या मोटारी दोन मजल्यांत रचलेल्या होत्या, सगळ्यांचे डोळे पुढे, जणू मोठ्या यात्रेला निघालेल्या. मग चाकांनी भरलेला ट्रक, नुसती चाके, काळी, एकावर एक, आभाळापर्यंत.

"म्हणतात की दशरथाच्या रथाचं चाक इथं निखळून पडलं," आबाजी म्हणाले. "म्हणून इथला देव चक्रेश्वर, आणि गाव चाकण."

"खरं?" कादर एकदम मागे वळला. "मग गुरुजी, पहिलं गॅरेज इथंच निघालं असणार! राजाचा रथ बंद पडला, तर कुणीतरी आमच्यातलाच आला असेल ना पाना घेऊन?"

"आणि म्हणाला असेल, दोन तास लागतील, महाराज," मैत्री म्हणाली, "आणि लावले असतील दोन दिवस."

"ताई, बदनामी करू नका. राजाचं काम होतं, एका दिवसात दिलं असेल." मागून भोंगा कर्कशला. "अरे थांब की भावा, उडून जाऊ का?"

आबाजी हसत होते, आणि हसता हसता त्यांचा ऊर भरून आला. जेथे एका पुराणकाळी एक चाक पडले असे लोक मानत आले, तेथे आज रोज सहस्रावधी चाके जन्माला येत होती आणि सर्व दिशांना निघून जात होती; त्यांतले एखादे काशीच्या रस्त्यावरही आत्ता फिरत असेल. हे कोणीही योजले नव्हते. भूमीच्या तळाशी काही स्मरण असते आणि माणसे न जाणता त्याची आज्ञा पाळतात, असे त्यांना वाटले. त्या धुरात, त्या गोंगाटात, त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला.

देवळाच्या आवारात वृक्षांची गर्द सावली होती. बाहेरचा भोंगा येथे पोचेपर्यंत दुसऱ्याच कोणाचा तरी होऊन येत होता. मैत्री दर्शनाला आत गेली. कादर रिक्षापाशी थांबला. आबाजी कडेकडेने चालत होते आणि एका झाडाखाली त्यांना एक मोठी भंगलेली शिळा दिसली. म्हणजे आधी दिसली नाहीच. सरळ पाहिले तर तेथे डाग होता, करडा, पाण्यासारखा हलणारा. त्यांनी दृष्टी झाडाच्या बुंध्यावर ठेवली, आणि डोळ्याच्या कडेतून, कोणी पाण्याखालून वर यावे तसा, वराह वर आला. पाय तुटलेले, मुख झिजलेले, पण पाठ अखंड. आणि त्या पाठीवर, कुशीवर, मानेवर, रांगांमागून रांगा, बोटाएवढे देव कोरलेले. जागा रिकामी म्हणून नव्हतीच. अथांग जलातून पृथ्वीला दंतावर तोलून वर आणणारा तो. त्याच्या रोमारोमांत देव आणि ऋषी असतात, हे आबाजींनी कितीदा शिकवले होते. ज्याने हे कोरले त्याने ते ऐकले असेल, की नुसते पाहिले असेल? त्यांनी बुंध्यावरून दृष्टी न हलवता हात पुढे केला. पानांतून आलेल्या उन्हाने कोमट झालेला दगड. बोटांखाली एक देव, त्याच्या शेजारी दुसरा, तिसऱ्याचे मस्तक गेलेले पण हात जोडलेले. मध्याकडे पाहू जावे तर सारे विरून जाई. कडेला राहावे तर एकेक देव येऊन उभा राही. मधले जाते, कडेचे राहते. ते वाक्य पुन्हा आले, आणि या वेळी ते निदानासारखे वाटले नाही. उपदेशासारखे वाटले.

"कुटनं आलात, बाबा?" झाडून काढणाऱ्या एका म्हातारीने विचारले. मागाहून कळले की तिचे नाव छबूबाई, माहेर-सासर दोन्ही चाकणचेच.

"चिखलीहून."

"अगो बया! म्हंजी हितलंच की तुमी." ती खराट्यावर रेलली. "मग पावण्यावानी काय बगताय? मला वाटलं लांबचा मानूस हाय, काशीचा-बिशीचा."

"लांबचाच होतो," आबाजी म्हणाले. "आज आलो."

छबूबाईला याचे काही वाटले नाही. "आलात ते बरं झालं. पानी देऊ का? त्वांड सुकलंय."

तिने तांब्या आणून दिला. ते पाणी प्याले नाहीत. वराहापाशी भुईवर मांडी घातली, उजव्या तळहातावर पाणी घेतले, डोळे मिटले. यशोदाबाई तेथेच होत्या, शेवाळलेल्या पायरीवर, पाय आखडून. त्या मनातल्या काशीच्या मध्यभागी कधीच नव्हत्या. नेहमी कडेला, शेवटच्या पायरीपाशीच उभ्या असत. मग डोळ्यांना तेथले काय हिरावून घेता येणार होते? आबाजींनी काळाचा उच्चार केला, युगांपासून आजच्या दिवसापर्यंत. मग देशाचा, द्वीपापासून खाली, खाली. गोदावर्याः दक्षिणे तीरे. येथे जीभ अडखळली, सवयीने मागे वळू पाहत होती. त्यांनी तिला हाताला धरून पुढे नेले. इंद्रायण्याः समीपे, चाकणग्रामे, वराहसन्निधौ. आणि मग ते, जे आजवर त्यांनी स्वतःहून म्हटले नव्हते: काशीयात्रां करिष्ये. तळहात कलला. पाणी बोटांवरून दगडाच्या पायथ्याशी उतरले, मातीत एक काळा ठिपका झाला, आणि माती तो पिऊ लागली.

मैत्री मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवले, आणि तिचा चेहरा त्यांनी सरळ पाहिला नाही. तिच्या कानाकडे पाहिले, आणि चेहरा स्पष्ट दिसला, हुबेहूब तिच्या आजीचा.

"रजा टाक," ते म्हणाले.

फाटकाशी कादर रिक्षाचा आरसा पुसत होता. "झालं का बघून, गुरुजी?"

"नाही, कादर," आबाजी आत बसत म्हणाले. "आत्ता तर निघालो."